गाडीचा ऑटो एसी हवा कुठे पाठवतो, आणि आपण त्याच्या कामात ढवळाढवळ कशी करतो

मे महिना, गाडी दोन तास उन्हात उभी. आत बसल्या बसल्या शेजारचा माणूस हात लांब करतो आणि तापमान थेट १८ वर आणतो. "लवकर गार होईल." वीस मिनिटांनी मागच्या सीटवरून आवाज येतो, "अरे, कमी कर जरा, गारठलो." मग २८. मग घाम येतो म्हणून पुन्हा २०. असं करत करत कोल्हापूर येतं.

जुन्या, गोल खटक्यांच्या एसीत हे खपून जायचं. तिथे आकडा नव्हताच, निळ्याकडे किंवा लालकडे फिरवायचं एवढंच. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलमधला आकडा वेगळा. रिक्षावाल्याला "स्वारगेट" सांगावं तसा तो मुक्कामाचा पत्ता आहे, वेग नाही. तापलेल्या गाडीत २४ लावा नाहीतर १८, पहिली काही मिनिटं यंत्रणा तशीही पूर्ण जोर लावते. फरक पडतो तो नंतर. २४ वाली गाडी वेळेवर आवरतं घेते, १८ वाली दामटत राहते.

आणि त्या आकड्यावर आणखी एक गोष्ट ठरते, जी बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही: हवा तोंडावर येणार, पायांकडे जाणार की काचेवर. गाडी स्वतःहून हवा पायांकडे वळवते तेव्हा "एसी बिघडला" म्हणून गॅरेज गाठणारे मी पाहिलेत. म्हणून आधी हवेच्या मागे मागे जाऊ, मग हाताने करायच्या गोष्टींकडे वळू.

डॅशबोर्डच्या आत

डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकचा एक मोठा डबा असतो. हवा त्यात दोनपैकी एका दाराने शिरते. एक दार बाहेरचं, समोरच्या काचेच्या खाली, वायपरजवळच्या जाळीतून. दुसरं आतलं, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, ग्लव्हबॉक्सच्या मागे. यातलं कोणतं उघडं ठेवायचं ते एक फ्लॅप, म्हणजे फिरणारी झडप, ठरवतो. गोल फिरणाऱ्या बाणाचं रिसर्क्युलेशनचं बटण त्याच फ्लॅपचं.

पुढे ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, हवा ढकलतो, एसी फिल्टर धूळ अडवतो आणि मग सगळीच्या सगळी हवा कूलिंग कॉइलमधून जाते. इथे ती नुसती गार होत नाही, कोरडीही होते. हवेतलं बाष्प कॉइलवर पाणी होऊन साचतं आणि नळीवाटे गाडीखाली टपकतं. उभ्या गाडीखाली पावसाळ्यात दिसणारं ते स्वच्छ पाण्याचं थारोळं म्हणजे एसी नीट काम करतोय याची पावती.

कॉइलनंतर खरी गंमत आहे. तिथे हीटरची कॉइल असते, तिच्यातून इंजिनचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फिरतं. तिच्या तोंडाशी एक फ्लॅप. तो पूर्ण बंद असला तर सगळी हवा हीटरला वळसा घालून गारच पुढे जाते. पूर्ण उघडा असला तर सगळी हीटरमधून जाते. अध्येमध्ये असला तर थोडी इकडून, थोडी तिकडून, आणि पुढे दोन्हींची सरमिसळ. २४ अंश हे असं मिसळून साधलेलं असतं, बादलीत गरम पाण्यात गार ओतून आपण आंघोळीचं पाणी करतो तसं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नसल्यामुळे उष्णता विजेच्या हीटरमधून किंवा हीट पंपातून येते. बाकीचा मार्ग जवळजवळ तोच.

मिसळलेल्या हवेला शेवटी तीन वाटा असतात: समोरची काच, तोंडासमोरचे व्हेंट आणि पायांजवळची भोकं. त्यांवरही फ्लॅप. हे सगळे फ्लॅप हलवतात त्या काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या मोटरी, म्हणजे ॲक्च्युएटर. आत छोटी मोटर आणि प्लास्टिकचे दातेरी गियर. फ्लॅप नेमका किती उघडलाय हे मोटर कंट्रोलरला उलट कळवत असते, किंवा कंट्रोलर तिचे टप्पे मोजत असतो. ड्युअल झोन गाडीत मिसळणीचे फ्लॅप दोन असतात, म्हणून चालकाला २२ आणि शेजारच्याला २६ देता येतं. मागच्या सीटचे मधल्या कन्सोलवरचे व्हेंट मात्र बऱ्याच गाड्यांत याच डब्यातून निघालेली लांब नळी असते. मागे स्वतंत्र थंडावा असतो तो इनोव्हासारख्या मोठ्या गाड्यांत, जिथे मागच्यांसाठी कूलिंग कॉइल आणि ब्लोअरही वेगळा दिलेला असतो.

आत आलेली हवा बाहेर कुठून जाते हे सहसा कोणी विचारत नाही. गाडीच्या मागच्या भागात, बहुतेक वेळा बंपरच्या आड, रबरी पाळ्यांच्या झडपा असतात. हवा डिकीच्या बाजूच्या फटींतून तिथवर पोचते. गणपतीला गावी जाताना डिकी छतापर्यंत ठासून भरली आणि त्या फटी बुजल्या की बाहेरची हवा आत यायलाही कुचराई करते. बाटलीत हवा भरत राहायची आणि बूच लावलेलं, असा तो प्रकार.

गाडी ठरवते कशी

१९६४ साली कॅडिलॅकने अमेरिकेत कम्फर्ट कंट्रोल नावाची पहिली स्वयंचलित यंत्रणा आणली. मूळ कल्पना आजही तीच आहे. आजच्या गाडीला चार आकडे लागतात: तुम्ही लावलेलं तापमान, आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि ऊन. त्यावरून ती पाचवा आकडा काढते: व्हेंटमधून बाहेर पडणारी हवा किती अंशांची हवी. पुढचं सगळं या पाचव्या आकड्यावर चालतं.

हवा खूप गार हवी असेल तर ती तोंडाच्या व्हेंटमधून येते, ब्लोअर जोरात. हवा गरम हवी असेल तर पायांकडून, कारण गरम हवा वर चढते. ती वरून सोडली तर डोकं तापतं आणि पाय गारच राहतात. मधली स्थिती असेल तर दोन्हीकडून, आणि अशा वेळी बहुतेक यंत्रणा वरची हवा खालच्यापेक्षा काही अंश गार ठेवतात. पाय गरम, पोट नरम, डोकं थंड ही आपली जुनी म्हण; त्यातलं पोट सोडून बाकीचं इंजिनिअरांनी जसंच्या तसं घेतलंय.

म्हणजे उन्हाळ्यात नागपूरला दुपारी गाडी सुरू केली तर हवा तोंडावर, ब्लोअर वरच्या टोकाला, आणि बहुतेक वेळा रिसर्क्युलेशनही आपोआप सुरू होतं. ४५ अंशांची बाहेरची हवा पुन्हा पुन्हा गार करण्यापेक्षा आतलीच फिरवणं स्वस्त पडतं. केबिन गार होत आली की ब्लोअर पायरी पायरीने उतरतो. संध्याकाळी ऊन गेलं की मिसळणीचा फ्लॅप किंचित हीटरकडे सरकतो.

याउलट डिसेंबरची पहाट, जागा निफाड, पारा एक आकडी. गाडी सुरू केली, २५ लावलं आणि काहीच होत नाही. ब्लोअर मेल्यासारखा. हा बिघाड नव्हे. कूलंट अजून थंड आहे, हीटरकडे द्यायला काही नाही, म्हणून गाडी मुद्दाम ब्लोअर अडवून धरते आणि येईल तेवढी हवा काचेकडे वळवते. इंजिन तापू लागलं की हवा पायांकडे येते आणि जोर वाढतो. उन्हाळ्यातही काही गाड्या सुरुवातीचे थोडे सेकंद ब्लोअर दाबून धरतात, कॉइल गार होण्याआधी नळीतली उकळती हवा तोंडावर फेकली जाऊ नये म्हणून. पायांकडे हवा चालू असताना थोडी झुळूक काचेच्या तळाशीही जाणवते, तीही हेतुपुरस्सर असते. काच धुरकट होऊ नये म्हणून.

सेटिंगमधला एक अंश छोटा नसतो. आकडा एका अंशाने वाढवला की व्हेंटमधल्या हवेचं लक्ष्य त्याच्या कितीतरी पट सरकतं. म्हणून बदल करायचा तर एकेका अंशाने करायचा आणि पाच मिनिटं हात खिशात ठेवायचे. आकडे संपल्यावर येणारे 'लो' आणि 'हाय' हे तर हिशोबाच्याच बाहेरचे आहेत. तिथे गाडी विचार करणं सोडते: 'लो' म्हणजे मिसळणीचा फ्लॅप पूर्ण गारकडे, 'हाय' म्हणजे पूर्ण गरमकडे, आणि तुम्ही हलवेपर्यंत तिथेच.

सेन्सर कुठे असतात आणि आपण ते कसे झाकतो

ऊन मोजणारा सेन्सर डॅशबोर्डवर, समोरच्या काचेच्या अगदी कडेला असतो. काळा, गोल, बोटाच्या पेरापेक्षा लहान. आणि नेमक्या त्याच जागी आपण गणपती बसवतो. गणपती नसेल तर टिश्यूचा डबा, मोबाईलची घसरू न देणारी रबरी चटई किंवा ऊन लागू नये म्हणून अंथरलेला डॅशबोर्डचा गालिचा. सेन्सर झाकला की गाडीला वाटतं आभाळ भरून आलंय. मग भर दुपारी ती थंडावा हात राखून देते आणि आपण म्हणतो, ऑटोमध्ये दम नाही. बाप्पाला चार बोटं बाजूला सरकवा. एक खबरदारी मात्र घ्या. काही गाड्यांतला तसाच काळा ठिपका दिव्यांसाठीचा किंवा चोरी-अलार्मचा असतो. आपल्या गाडीत कोणता कुठला, हे मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं.

आतलं तापमान मोजणारा सेन्सर स्टिअरिंगच्या बाजूला किंवा एसीच्या पॅनेलजवळ, नखाएवढ्या जाळीच्या मागे. पुष्कळ गाड्यांत त्या जाळीतून केबिनची हवा हळूहळू आत ओढली जाते. धूळ, केस, सिगारेटची राख साचून जाळी बुजली की सेन्सरला डॅशबोर्डचीच उष्णता कळते, केबिनची नाही. त्याला केबिन तापलेलीच वाटत राहते, आणि गाडी गारठवत सुटते. मऊ ब्रशने जाळी झाडा. जोराच्या एअर गनची हवा नको, आतला नाजूक भाग तिने तुटतो.

बाहेरचा सेन्सर पुढच्या बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढ्यात. सिग्नलला वीस मिनिटं अडकलं की इंजिनची धग त्याला लागते आणि स्क्रीनवर ४३ दिसतं, बाहेर मात्र ३४. गाडीला हे ठाऊक असतं. बऱ्याच गाड्या वाढलेला आकडा सावकाश, वेगात धावू लागल्यावरच मान्य करतात; उतरलेला पटकन. पुढून ठोकर बसून बंपर बदलला असेल आणि त्यानंतर एसी विचित्र वागू लागला असेल, तर हा सेन्सर परत जागेवर लागलाय का ते आधी पाहा. तो वायरीला लोंबकळताना मी एकदा स्वतः पाहिलाय.

तापलेली गाडी गार करायची रीत

दारं उघडा, काचा खाली करा, ऑटो दाबा, आकडा २४. काचा उघड्याच ठेवून मिनिटभर गाडी चालवा. बंद गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंश जास्त तापलेली असते आणि उन्हातला डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जातो. ती हवा एसीने गार करत बसण्यापेक्षा वाऱ्याने ढकलून देणं शहाणपणाचं. मग काचा बंद. पुढची दहा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही.

व्हेंटची दिशा मात्र तुमच्या हातात आहे, तिथे गाडीला मोटर दिलेली नाही. मधले दोन व्हेंट थोडे वर आणि दोन्ही सीटच्या मधून मागे जातील असे वळवा. गार हवा जड असते, ती आपणहून खाली उतरते. वरून सोडली तर सगळ्यांना मिळते. बाजूचे व्हेंट खांद्याच्या वरून. थेट छातीवर किंवा स्टिअरिंगवरच्या बोटांवर सोडलेली हवा सुरुवातीला सुखाची वाटते, तासाभराने सांधे बोलायला लागतात.

एखादा व्हेंट बंद केला की त्याच्या वाटची हवा बाकीच्यांतून जास्त जोरात येते, एवढंच होतं. दोन-तीन बंद केले तर मात्र यंत्रणेचा अंदाज चुकतो. मागे कोणी बसलं नसेल तर मागचे बंद करा, त्याचा फायदा पुढे होतो. मागे आई-वडील बसले असतील आणि ऑटोने हवा पायांकडे वळवली असेल, तर मागच्या व्हेंटची हवाही अनेक गाड्यांत कमी होते, कारण ते तोंडाच्या वाटेवर जोडलेले असतात. तेव्हा तोंडाच्या बाणाचं बटण हाताने दाबा. ऑटोचा दिवा विझेल, पण तापमानाचा हिशोब चालूच राहील. फक्त दिशा तुमची. हे गाडीला चिडवणं नव्हे, ही सोय त्यासाठीच दिली आहे.

रिसर्क्युलेशन तासन्‌तास चालू ठेवू नका. बंद गाडीत चार-पाच माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि रात्रीच्या प्रवासात चालकाला जडपणा येतो. भाताणच्या किंवा कामशेतच्या बोगद्यात ट्रकच्या मागे असाल तर बटण दाबा, बाहेर पडलात की काढा.

पावसाळा: दोन वेगळे धुके, दोन उलटे उपाय

इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण यातली चूक जिवावर बेतू शकते.

काच धुरकट झाली की आधी आतून एक बोट फिरवा. रेघ उमटली तर बाष्प आतल्या बाजूला आहे. नाही उमटली तर बाहेर, वायपर एकदा मारला की साफ होईल.

आतल्या बाजूचं धुकं घाटात येतं. आंबोली, ताम्हिणी, महाबळेश्वर. बाहेर पाऊस, काच गार, आत चार माणसं, ओल्या छत्र्या, भिजलेले बूट. श्वासाचं बाष्प गार काचेवर बसतं. यावर पुढच्या डिफ्रॉस्टचं बटण, पंख्यासारख्या आकारात तीन वाकडे बाण असलेलं. ते दाबलं की गाडी एका दमात चार गोष्टी करते: सगळी हवा काचेवर, ब्लोअर जोरात, बाहेरची हवा चालू, आणि कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा, कॉइल गार ठेवणारा पंप, चालू. हवा कूलिंग कॉइलवर कोरडी होते, मग हीटरमधून जाऊन ऊबदार होते, आणि अशी कोरडी-ऊबदार हवा काचेवरचं पाणी चटकन उचलते.

नेमक्या याच वेळी लोक चूक करतात. गार लागतंय म्हणून एसीचं बटण बंद करतात. कॉइल तेव्हा पाण्याने निथळत असते. कॉम्प्रेसर थांबला की तेच पाणी पुन्हा वाफ होऊन थेट काचेवर येतं, आणि घाटातल्या वळणावर काही सेकंदांत समोरचं दिसेनासं होतं. गार वाटत असेल तर एसी चालू ठेवून तापमान २६-२८ करा. रिसर्क्युलेशनही इथे वैरी. आतलीच दमट हवा फिरवून काच कधी साफ होत नसते.

बाहेरच्या बाजूचं धुकं किनाऱ्यावर येतं: मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा. जुलैतल्या रात्री इथली हवा इतकी दमट असते की २४-२५ अंशांची कोणतीही वस्तू तिला घाम फोडते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखी. तुम्ही एसी २० वर ठेवून काच आतून गार केलीत की बाहेरून ती बाटलीच झाली. इथे घाबरून डिफ्रॉस्ट दाबला आणि तापमान तसंच खाली ठेवलं तर गार हवा थेट काचेवर जाते आणि धुकं वाढतं. उपाय उलटा: वायपर मारा, हवा काचेवरून काढून तोंडाकडे वळवा, आकडा २६-२७, ब्लोअर कमी. काचेच्या तळाशी पट्टीसारखं धुकं उरलं तर मधले व्हेंट काचेकडे वळलेले नाहीत ना, ते पाहा.

मुंबईहून निघून खोपोलीनंतर घाट चढेपर्यंत एकाच रात्रीत हे दोन्ही प्रकार भेटतात. म्हणून बोटाची परीक्षा दर वेळी.

अर्ध्या तासात घरी करायची तपासणी

गाडी पंधरा मिनिटं फिरवून इंजिन नीट तापवा आणि मोकळ्या जागी उभी करा. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून हे करू नका. ब्लोअर हाताने मध्यम ठेवा.

१. तोंड, पाय, काच ही तीन बटणं एकेक करून दाबा आणि दर वेळी दहा सेकंद थांबा, फ्लॅपला तेवढा वेळ लागतो. व्हेंटपुढे हात, पायांपुढे हात, काचेच्या तळाशी टिश्यूची बारीक पट्टी. हवा सांगितलेल्या जागी गेली पाहिजे. कोणतंही बटण दाबलं तरी ती काचेवरच जात असेल, तर दिशेचा फ्लॅप किंवा त्याची मोटर अडकली आहे.

२. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचा. तापाचा चालणार नाही. एसी चालू, रिसर्क्युलेशन चालू, आकडा 'लो'. पाच-दहा मिनिटांत पारा १० च्या आसपास यायला हवा. दमट, कडक उन्हात दोन-चार अंश जास्त चालतील. मग 'हाय' करा. तापलेल्या इंजिनवर हवा चांगली चटका देणारी यायला हवी. दोन्ही टोकं गाठली म्हणजे मिसळणीचा फ्लॅप पूर्ण फिरतोय.

३. ब्लोअर पूर्ण करून रिसर्क्युलेशन चालू-बंद करा. चालू केल्यावर ग्लव्हबॉक्सच्या बाजूने घरघर ठळक वाढते. आवाजात काडीचाही फरक पडला नाही तर तो फ्लॅप हलत नाहीये.

४. आतल्या सेन्सरच्या जाळीपुढे टिश्यूचा नखाएवढा तुकडा धरा. हवा ओढणारी जाळी असेल तर तो हलकेच चिकटतो.

५. शेवटी ऑटोवर येऊन केबिन स्थिरावू द्या, आणि उन्हात असताना ऊन सेन्सरवर रुमाल टाका. फरक लगेच दिसणार नाही. एक-दोन मिनिटांत ब्लोअर किंवा हवेचा गारवा किंचित उतरला तर सेन्सर जिवंत आहे. याचीच दुसरी बाजू गॅरेजमध्ये दिसते: अंधाऱ्या शेडखाली स्कॅनर, म्हणजे गाडीतले दोष वाचणारं यंत्र, लावला तर काही गाड्या या सेन्सरचा दोष दाखवतात, कारण त्याला प्रकाशच मिळत नसतो. त्यावर भरवसा ठेवून नवा सेन्सर विकत घेऊ नका. गाडी उन्हात काढून पुन्हा तपासायला सांगा.

लक्षणं

गाडी सुरू करताना किंवा तापमान बदलताना डॅशबोर्डमागून टकटक, टकटक. ॲक्च्युएटरच्या प्लास्टिक गियरचा दात तुटलाय. मोटर फ्लॅपला टोकापर्यंत न्यायला बघते, गियर घसरतो, पुन्हा प्रयत्न. बॅटरी काढून लावल्यानंतर एकदाच थोडी घरघर आली तर मात्र काळजी नको. फ्लॅपची दोन टोकं गाडी पुन्हा शोधून लक्षात ठेवते. त्या वेळी इग्निशन चालू करून मिनिटभर एसीची बटणं दाबू नका.

हवा सुरुवातीला जोरात, तासाभराच्या प्रवासानंतर व्हेंटमधून जेमतेम फुंकर, ब्लोअरचा आवाज तोच. कॉइलवर बर्फ धरलाय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालवला आणि जोर परत आला तर खात्री. कॉइल गोठण्याच्या बेताला आली की कॉम्प्रेसर थांबवण्यासाठी एक छोटा सेन्सर असतो, तो चुकत असेल किंवा गॅस कमी असेल.

डाव्या सीटसमोर पायाखालचा गालिचा ओला: पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली. एका बाजूचे व्हेंट गार, दुसऱ्या बाजूचे कोमट: सिंगल झोन गाडीत अनेकदा गॅस कमी, ड्युअल झोनमध्ये एका बाजूचा मिसळणीचा फ्लॅपही असू शकतो. पहिल्या पाच मिनिटांत ओलसर, कुबट वास: मुक्कामाच्या थोडं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवायची सवय लावा, कॉइल वाळते. पावसात काच धुरकट होत असेल तेव्हा अर्थातच हे नको.

आणि सगळीकडूनच हवा कमी, पहिल्या मिनिटापासून: आधी फिल्टर. ग्लव्हबॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे चपटं झाकण दिसतं. फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो. जुना कसा होता त्याचा आधी फोटो काढा. वर्षातून एकदा किंवा १०-१५ हजार किलोमीटरला बदलावा. कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनी त्याआधीच. झटकून परत लावलेला फिल्टर दिसायला बरा दिसतो, पण घड्यांत अडकलेली बारीक माती तिथेच राहते.

माझ्या आधीच्या गाडीत उन्हाळ्यात 'लो' वरही हवा कोमट यायची. एका गॅरेजात गॅस भरला, महिन्याने पुन्हा भरला, दोन्ही वेळा पैसे मोजले. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या एसीवाल्याकडे गेलो. त्याने गॅसचा दाब मोजायचं गेज लावायच्याही आधी बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू असताना, पट्ट्यापासून हात लांब ठेवून, केबिनकडून कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या जाड ॲल्युमिनियमच्या पाइपला बोट लावलं. पाइप गारेगार, वर पाण्याचे थेंब. "थंडी तयार होतेय हो," तो म्हणाला, "आत पोचत नाहीये." मिसळणीचा फ्लॅप अर्धवट हीटरकडे अडकला होता. ॲक्च्युएटर बदलून झाल्यावर व्हेंटमध्ये नऊ अंश.

तेव्हापासून गॅरेजात गेल्यावर मी "एसी गार करत नाही" एवढंच सांगत नाही. कोणत्या बटणावर हवा कुठे जाते, 'लो' आणि 'हाय' वर व्हेंटचा पारा किती, आणि तो जाड पाइप गार आहे की कोमट, हे तिन्ही कागदावर लिहून नेतो.